आकड्यांचा परवचा

कपाटाच्या वरच्या खणात एक पत्र्याचा डबा आहे. एके काळी त्यात दिवाळीचे बेसनलाडू असायचे. आता कापसात गुंडाळलेल्या नऊ काचेच्या नळ्या आहेत. अंगठ्यापेक्षा किंचित जाड, बोटाएवढ्या उंच, वरून घुमटासारख्या गोल. खालून प्रत्येकीला तेरा बारीक तारा फुटलेल्या. काचेवर रंगाने छापलेली दोन अक्षरं आणि पुढे १४. अक्षरं इंग्रजीतल्या उलट्या ‘एन’सारखी आणि ‘एच’सारखी दिसतात, पण ती रशियन आहेत, उच्चार ‘ई’ आणि ‘न’. इंडिकेटर या शब्दाची ती सुरुवात. अशा आकडे दाखवणाऱ्या नळ्यांची, म्हणजे निक्सी नळ्यांची, घड्याळं करायच्या छंदातली आम्ही माणसं त्यांना इंग्रजी वळणाने ‘आयएन-१४’ म्हणतो. घरात त्या डब्याला कुणी हात लावत नाही. पाहुण्यांना लेक सांगतो, “आईचं सोनं वरच्या खणात आहे.”

नळी उजेडासमोर धरली की आधी दिसते ती पुढची जाळी, खिडकीच्या डासजाळीहून कितीतरी नाजूक. तिच्यामागे शून्य ते नऊ असे दहा आकडे एकामागे एक उभे. पातळ धातूचे, पांढऱ्या चिनी मातीच्या इवल्या मण्यांनी एकमेकांपासून सुटे ठेवलेले. क्रमाने मात्र नाहीत. एकाच्या मागे दोन, दोनच्या मागे तीन असं केलं असतं तर एकाने दुसऱ्याला झाकलं असतं, म्हणून ज्याची रेघ ज्याच्या आड येणार नाही असे शेजारी जुळवलेत. विजेचा पुरवठा जोडला की त्या गर्दीतला एकच आकडा पेटतो आणि बाकीचे नऊ दिसेनासे होतात. रंग शेंदरी, फुंकर मारलेल्या निखाऱ्याचा. आणि उजेड तारेवर नसतो, तारेभोवती असतो. तारेला मऊ उजेडाची एक साय चढावी तसा.

हा उजेड मी पहिल्यांदा पाहिला १९८९ साली. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा संपवून भोसरीतल्या एका कारखान्यात कॅलिब्रेशनच्या खोलीत लागले होते. खोलीला खिडकी नव्हती. कारखान्यातली मोजमापाची सगळी उपकरणं ठरलेल्या मुदतीने आमच्याकडे यायची आणि खरी की खोटी ते आम्ही ठरवायचो. बहुतेक उपकरणांवर लाल एलईडीचे आकडे असत, सात रेघांचे, टोकदार. कोपऱ्यात मात्र एक राखाडी रंगाचा जुना फ्रीक्वेन्सी काउंटर, म्हणजे वारंवारता मोजणारं यंत्र, होता. आतल्या क्रिस्टलला एका बारीकशा भट्टीत ठरावीक तापमानाला ठेवलेलं असे, म्हणून आमचे साहेब सकाळी आल्या आल्या आधी तो चालू करत आणि अर्धा तास कुणाला हात लावू देत नसत. त्या अर्ध्या तासात मी समोर बसून आकडे बघायचे. भिंतीतल्या विजेची वारंवारता लावली की ४९.८, ४९.९, ५०.० असं काही बाही दिसायचं. शेवटचा आकडा सतत बदलत असायचा आणि बदलताना मागेपुढे हलायचा. एक आकडा काचेला टेकलेला, तर पुढचा आत खोल. एलईडीत हे होत नाही. तिथे सगळे आकडे एकाच पाटीवर लिहिलेले. इथे जणू कुणी घरात आतबाहेर करतंय.

१९९४ मध्ये मी बाळंतपणाच्या रजेवरून परतले तेव्हा तो कोपरा रिकामा होता. काउंटर भंगारात गेला होता. चालू स्थितीत. मी साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, “अहो, त्याचे दिवे मिळत नाहीत आता. एक गेला की सगळंच गेलं.” ते काही चुकीचं बोलत नव्हते. तरी तो कोपरा माझ्या मनातून गेला नाही. पुढची वीसेक वर्षं संसार आणि नोकरी यात गेली, आणि २०१६ मध्ये घड्याळ करायला घेतलं ते त्या कोपऱ्यासाठीच.

ही वस्तू कळायला आपल्या घरातला टेस्टर पुरतो. स्क्रूड्रायव्हरसारखा, दांड्यात छोटा केशरी बल्ब असलेला. तो बल्ब म्हणजे निऑन वायूने भरलेली काचेची कुपी, आत एकमेकींना न टेकणाऱ्या दोन काड्या. काड्यांमध्ये पुरेसा दाब, म्हणजे व्होल्टेज, आला की वायू विजेला वाट देतो आणि ऋण बाजूच्या काडीभोवती उजेड चढतो. घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होते, म्हणून टेस्टरमध्ये दोन्ही काड्या पेटलेल्या दिसतात. सरळ, एकाच दिशेने जाणारी वीज दिली तर एकच पेटते. आता ती ऋण बाजूची काडी सरळ न ठेवता तिला ७ चा आकार द्या. शेजारी ८ ठेवा, ९ ठेवा. समोर धन बाजूची जाळी. ज्या आकड्याला ऋण टोक जोडाल तो पेटेल. झाली निक्सी नळी. रेडिओच्या व्हॉल्व्हसारखी तापलेली तार तिच्यात नाही. तासभर चालल्यावरही काचेला हात लावला तर कोमटच लागते.

अमेरिकेत हेडू ब्रदर्स नावाची नळ्या करणारी एक छोटी प्रयोगशाळा होती. ती बरोज कंपनीने विकत घेतली आणि १९५५ मध्ये या नळ्या ‘निक्सी’ नावाने बाजारात आणल्या. अंक दाखवणारं प्रायोगिक उपकरण क्रमांक १, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं आराखड्यावर लिहिली होती, त्यातून हे नाव पडलं असं सांगतात. याच बरोजने पुढे १९७० च्या दशकात टाटांबरोबर भागी केली. मुंबईत सीप्झमधल्या ‘टाटा बरोज’मध्ये नोकरीला असलेले मराठी इंजिनिअर माझ्या नात्यात आणि ओळखीत पुष्कळ निघतील; पण तोवर निक्सीचे दिवस सरत आले होते. त्याआधी, १९६१ मध्ये, इंग्लंडच्या बेल पंच कंपनीने टेबलावर ठेवायचं पहिलं पूर्ण इलेक्ट्रॉनिक गणनयंत्र काढलं, त्याचे आकडेही असल्याच नळ्यांत पेटायचे. त्या यंत्राचं नाव होतं ‘अनिता’. हे मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांना फार बरं वाटलं. त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या, आणि त्यांच्या हाताखालून किती अनिता गेल्या असतील त्याला गणती नाही.

१९७० च्या दशकात एलईडी आले. पाच व्होल्टवर चालणारे, स्वस्त, न फुटणारे. निक्सीला लागतात १७०-१८० व्होल्ट. पश्चिमेकडचे कारखाने एकेक करून हे काम बंद करत गेले. सोव्हिएत संघात मात्र ते १९९० च्या आसपासपर्यंत चालू राहिलं, म्हणून आज जगभरच्या छंदी माणसांच्या घड्याळांत बहुतेक नळ्या रशियन अक्षरांच्या असतात. आयएन-१२ ही समोरून बघायची, आयएन-१४ आणि तिच्याहून मोठी, ४० मिलिमीटर उंच आकड्यांची आयएन-१८ या बाजूने बघायच्या. आयएन-१२ स्वस्त मिळते. तिच्यात काय किंवा आयएन-१४ मध्ये काय, ५ म्हणजे उलटा करून बसवलेला २ आहे. मला ते खटकतं. अक्षर-अंकाच्या वळणावर प्रेम करणाऱ्या घरात मी नांदते आहे.

हिरव्या-निळ्या उजेडाच्या नळ्यांची घड्याळंही लोक करतात. १९९० च्या दशकातल्या म्युझिक सिस्टिमवर जो डिस्प्ले असायचा त्याच जातीच्या त्या. करायला सोप्या आहेत. माझा जीव त्यांच्यात रमला नाही.

सामान जमवणं हे या कामातलं निम्मं काम. सुरुवात मी पुण्याच्या जुन्या बाजारापासून केली, कारण आमचा तो राखाडी काउंटर कुठेतरी तिथेच आला असेल असं मला उगाच वाटायचं. रविवारी आणि बुधवारी जायचं, उन्हं चढायच्या आत. बिजागऱ्या, पितळी कड्या, पंख्याच्या मोटारी, मेलेले मोबाइल यांच्या ढिगात वाकून वाकून बघायचं. चार महिन्यांनी एका ताडपत्रीवर फुटक्या काचेचा एक डिजिटल व्होल्टमीटर सापडला. त्यातल्या चार नळ्यांपैकी दोन फुटलेल्या, दोन शाबूत. विकणाऱ्याने विचारलं, “ताई, चालत नाही हा, काय करणार?” मी म्हटलं, “आतले दिवे हवेत.” त्याने तो उलटा करून झटकला, आतला फुटका काच-चुरा खाली पाडला आणि वर्तमानपत्रात बांधून दिला. झटकला तेव्हा मी डोळे मिटले होते. त्या दोन नळ्यांनी मला पुढे जे शिकवलं ते कुठल्याच पुस्तकाने शिकवलं नसतं; ते नंतर सांगते.

दोन नळ्यांवर घड्याळ होत नाही, सहा लागतात. त्या मी खार्किवच्या एका माणसाकडून मागवल्या. पार्सल सव्वा महिन्याने आलं. पाण्याच्या प्लास्टिक पाइपचे वीतभर तुकडे, दोन्ही तोंडांना चिकटपट्टी, आत कापूस आणि कापसात नळी. एकही तडकली नव्हती. नळ्यांवर १९८४ सालचा शिक्का होता. म्हणजे मी दहावीत होते तेव्हा कुणीतरी त्या बंद करून, तपासून, खोक्यात भरल्या, आणि ज्या यंत्रासाठी भरल्या ते यंत्र कधी झालंच नाही. त्या माणसाशी पुढे चार-पाच वेळा व्यवहार झाला. दर वेळी तो सोबत एक पोस्टकार्ड घालायचा, त्याच्या शहरातल्या कुठल्या तरी बागेचं किंवा इमारतीचं.

२०२२ च्या फेब्रुवारीत युद्ध सुरू झालं आणि त्याच्याकडून निरोप येणं थांबलं. मी लिहिलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं. तो मुलीला घेऊन देशाच्या पश्चिमेला ल्विव्हला गेला होता. नळ्यांची खोकी खार्किवच्या इमारतीच्या तळघरात राहिली होती. पत्राच्या शेवटी त्याने विचारलं होतं, तुमच्या घड्याळातल्या माझ्या सहाही नळ्या पेटतात ना अजून? मी त्याला घड्याळाचा फोटो पाठवला. तेव्हापासून मी दर महिन्याला एक फोटो पाठवते. उत्तर कधी येतं, कधी नाही.

बाकीचं सामान इथलंच. नळीला आकडा सांगणारी चिप मूळची ७४१४१. तिचीच सोव्हिएत बहीण के१५५आयडी१. ती त्याच खार्किवच्या पाकिटात आली. सोव्हिएत चिपच्या पायांमधलं अंतर अडीच मिलिमीटर, आपल्याकडच्या सॉकेटमधलं २.५४. सोळा पायांच्या चिपला एवढा फरक अंगठ्याने हळूच दाबला की पचतो. जास्त व्होल्टेजचे कपॅसिटर मला लॅमिंग्टन रोडला मिळाले. डेक्कन क्वीनने जायचं, दादरला उतरून ग्रँट रोड गाठायचा, आणि जिन्याखालच्या हातभर रुंदीच्या दुकानात उभं राहायचं. तिथल्या म्हाताऱ्या दुकानदाराने ४०० व्होल्टचा कपॅसिटर हातात देण्याआधी विचारलं, “टीव्ही दुरुस्त करता का?” घड्याळ म्हटल्यावर त्याने कपॅसिटर परत आत ठेवला आणि मागच्या बरणीतून दुसरा काढला. म्हणाला, “घड्याळ बंद नाही करत कुणी. हा घ्या, उष्णता सोसणारा.” आठ वर्षं झाली, तोच चालू आहे.

बारा व्होल्टचे एकशे ऐंशी कसे करायचे? आपल्या ट्यूबलाइटचा चोक जे करतो तेच. कॉइलमधून वीज वाहत असताना ती एकदम तोडली की कॉइल उसळी मारते. ट्यूबलाइटमध्ये स्टार्टर एकदा-दोनदा तोडतो. इथे एमसी ३४०६३ नावाची चिप आणि आयआरएफ ७४० ट्रान्झिस्टर मिळून सेकंदाला हजारो वेळा तोडतात. प्रत्येक उसळी, वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या डायोडमधून, कपॅसिटरमध्ये साठते. माझा पहिला सप्लाय सुरू केला आणि दोन मिनिटांत डायोडवर बोट ठेवता येईना. मी वापरला होता नेहमीचा ४००७. पन्नास हर्ट्झसाठी तो उत्तम, पण एवढ्या वेगाने तोडजोड होते तिथे तो वेळेवर बंद होत नाही, थोडी वीज उलट सोडतो आणि तापतो. पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, मी वेगवान डायोड मागितला होता, तेव्हा “तोच तो हो मॅडम” म्हणून हा मिळाला होता आणि मी मुकाट्याने घेतला होता. दुसऱ्या दिवशी जाऊन नंबर वाचून यूएफ ४००७ आणला. डायोड थंड राहिला.

आणि हे हिशेबात धरा. सहा नळ्या, प्रत्येकीला अडीच मिलिअँपिअर, १८० व्होल्ट: तीन वॅटही होत नाहीत. जुन्या, तारेच्या झिरोच्या बल्बपेक्षा कमी. पण १८० व्होल्ट म्हणजे १८० व्होल्ट. एकदा स्क्रू आवळताना माझी करंगळी जाळीच्या टोकाला लागली आणि कोपरापर्यंत झटका गेला. कारखान्यात पहिल्याच आठवड्यात साहेबांनी शिकवलं होतं की जिवंत सर्किटवर काम करताना एक हात पाठीमागे ठेवायचा, म्हणजे वीज छातीतून आरपार जात नाही. त्या दिवशी तो हात पाठीमागे होता. घरी कुणाला हे बनवायचं असेल तर मी सगळ्यात आधी हेच शिकवते, सोल्डरिंग नंतर.

सगळ्यात जास्त वेळ लागला तो तारा ओवायला. आयएन-१४ ला पाया नाही. दहा आकड्यांच्या दहा, दशांश टिंबांच्या दोन आणि जाळीची एक अशा तेरा तारा काचेतून थेट बाहेर येतात आणि त्या बोर्डाच्या तेरा भोकांत एकाच वेळी जायला हव्यात. एक आत गेली की दुसरी वाकते. जास्त जोर केला तर तार काचेतून बाहेर येते तिथेच बारीक तडा जातो, हवा आत शिरते आणि नळी मेली. युक्ती अशी की तारा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या कापायच्या. पहिली सगळ्यात लांब, दुसरी तिच्याहून किंचित आखूड, अशा गोल फिरत जाणाऱ्या. मग सर्वांत लांब ती आधी भोकात, मग तिची धाकटी, मग तिची. चिमट्याने एकेक. पहिल्या नळीला मला पाऊण तास लागला. सहावीला दहा मिनिटं. देवापुढे वाती लावताना सासूबाईंचा हात जसा चालतो तसा हात त्या दिवशी माझा चालला असं मला वाटलं, आणि मी ते त्यांना सांगितलंही.

एका चिपवर सहा नळ्या आळीपाळीने झरझर पेटवायची पद्धत आहे. डोळ्याला सगळ्या एकदम पेटल्यासारख्या वाटतात, सामान कमी लागतं. मी तसं केलं नाही. आळीपाळीने पेटवायचं तर प्रत्येक क्षणी जास्त वीज द्यावी लागते, नळीला हिसके बसतात. प्रत्येक नळीला तिची स्वतःची चिप, तिचा स्वतःचा १५ किलो-ओहमचा रेझिस्टर. ज्या वस्तू पुन्हा तयार होत नाहीत त्यांच्या बाबतीत सामानाची बचत मला पटत नाही. तास आणि मिनिटांमधल्या दोन टिंबांसाठी स्विचबोर्डच्या इंडिकेटरमधले साधे निऑन बल्ब लावले. रंग तंतोतंत जुळला. जुळणारच, वायू तोच.

वेळ राखायला डीएस ३२३१ ही चिप, वर्षाला फार तर मिनिटभर इकडेतिकडे होणारी. तिच्या पोटातला क्रिस्टल सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. “हाच आकडा का गं?” सासूबाईंनी विचारलं. त्या तेव्हा ८१ वर्षांच्या होत्या आणि रोज दुपारी माझ्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसत. मी म्हटलं, “आई, निम्मा करत जा.” त्यांनी डोळे मिटले. सोळा हजार तीनशे चौऱ्याऐंशी. आठ हजार एकशे ब्याण्णव. चार हजार शहाण्णव. दोन हजार अठ्ठेचाळीस. एक हजार चोवीस. तिथे डोळे उघडले, कारण पुढचं त्यांना दिसलं होतं. पंधराव्यांदा निम्मं केलं की एक. सेकंदाला एक. इलेक्ट्रॉनिक्सची गंधवार्ता नसलेल्या बाईने निमकीच्या, म्हणजे अर्ध्याच्या पाढ्याच्या, जोरावर क्वार्ट्झ घड्याळ समजून घेतलं. “म्हणजे हे निमकी म्हणतंय आत,” त्या म्हणाल्या.

आता त्या जुन्या बाजारातल्या दोन नळ्यांविषयी.

घरी आणून एकेक आकडा पेटवून पाहिला. पहिल्या नळीत शून्य स्वच्छ, पूर्ण. एक बरा. दोनचं शेपूट अंधारलेलं. आणि पाचापासून पुढे प्रत्येक आकडा तुटका. सातची फक्त आडवी रेघ, नऊचं फक्त डोकं. दुसऱ्या नळीत दहाही आकडे सारखे. दोन्ही एकाच यंत्रातल्या, एकाच वयाच्या. मग माझ्या लक्षात आलं. पहिली नळी यंत्रात सगळ्यात डावीकडे असणार. डावीकडच्या घरात वर्षानुवर्षं शून्यच दिसत राहतं. क्वचित एक, क्वचित दोन. उजवीकडची नळी मात्र सतत बदलत असते, ती सगळे आकडे म्हणते.

असं होतं याचं कारण धातूत आहे. आकडा पेटलेला असताना निऑनचे भारित कण त्याच्यावर आदळत राहतात आणि धातूचे अणू उडवत राहतात. ते उडालेले अणू शेजारच्या न पेटलेल्या आकड्यांवर बसतात, काचेवर बसतात. जुन्या नळीची काच आतून करडी, चांदी चढल्यासारखी दिसते ती यामुळे. नळीत पाऱ्याचा अंश घालून हा मारा कमी करतात. आकड्याभोवती कडेला निळसर झाक दिसते ती पाऱ्याची. पण तो पूर्ण थांबत नाही. जो आकडा पेटतो त्याच्यावरचा थर त्याच माऱ्याने पुन्हा उडून जातो, म्हणून तो स्वच्छ राहतो. जो पेटतच नाही त्याच्यावर थरावर थर. शेवटी त्याला पेटता येत नाही.

त्यावर उपाय आहे. अंधारलेल्या आकड्याला नेहमीपेक्षा जरा जास्त वीज देऊन तासन्‌तास एकटं पेटतं ठेवायचं. आधी कडा उजळते, मग उजेड हळूहळू पुढे सरकतो. त्या नळीच्या सातला मी चार मिलिअँपिअर दिले आणि संध्याकाळी सात वाजता चालू केलं. झोपताना आडव्या रेघेखाली बोराच्या काट्याएवढा उजेड उतरला होता. सकाळी निम्मा. दुसऱ्या दिवशी रात्री सात पूर्ण. मग आठ, मग नऊ. सगळे आकडे परत आणायला नऊ दिवस लागले. नऊही दिवस सासूबाई सकाळी दात घासायच्या आधी येऊन बघायच्या, कुठवर आलाय.

घड्याळातही तोच धोका आहे. चोवीस तासांच्या घड्याळात सगळ्यात डावीकडची नळी शून्य, एक, दोन एवढंच म्हणते. मिनिटांच्या आणि सेकंदांच्या दहाच्या घरात पाचाच्या पुढे काही येत नाही. तसंच ठेवलं तर काही वर्षांत त्या नळ्या उरलेले आकडे विसरतील. म्हणून घड्याळाच्या प्रोग्रॅममध्ये रोज काही वेळ सगळ्या नळ्यांवर सगळे आकडे फिरवायची सोय करतात. लोक ती मध्यरात्रीनंतर ठेवतात, कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून. मीही पहाटे तीनची वेळ घातली होती.

सासूबाईंनी ती बदलायला लावली. “रात्री कशाला? दिवेलागणीला म्हणू दे की. मुलं म्हणत नाहीत का?” त्यांच्या लहानपणी पेणच्या घरी संध्याकाळी दिवा लावल्यावर शुभंकरोती झालं की परवचा व्हायचा. बे एके बे पासून तिसापर्यंत, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. सगळी भावंडं भिंतीला टेकून एका सुरात. शाळेत शिकवायला लागल्यावरही त्यांनी वर्गात तो सोडला नाही. न म्हटलेला पाढा जातो, यावर त्यांचा ठाम विश्वास.

तर आमच्या घड्याळात संध्याकाळी सात वाजता वेळ थांबते. सहाही नळ्यांवर शून्य, मग एक, मग दोन, एकेक आकडा दहा-दहा सेकंद. नऊपर्यंत गेलं की पुन्हा शून्यापासून. अशी सहा आवर्तनं, दहा मिनिटं. प्रोग्रॅममध्ये त्या भागाचं नाव मी ‘परवचा’ असंच ठेवलं आहे. त्या दहा मिनिटांत किती वाजले हे आमच्या घड्याळात कळत नाही, आणि ते कुणी विचारतही नाही. सासूबाई शेजारच्या खुर्चीत बसून ओठांतल्या ओठांत बरोबरीने म्हणतात. नळ्यांचा आकडा सात झाला की सातचा पाढा. दहा सेकंदांत पूर्ण होतो त्यांचा.

तरीही नळी संपतेच. सुरुवातीच्या काळातल्या नळ्यांचं आयुष्य पाचेक हजार तास धरत, शेवटी शेवटी केलेल्या काहींचं दोन लाखांपर्यंत गेलं. वर्षाचे तास ८,७६०. आम्ही रात्री अकरा ते सकाळी सहा घड्याळ बंद ठेवतो, आणि खोलीत कुणी नसलं की सेन्सर ते आपोआप विझवतो. माझ्या ओळखीत असे लोक आहेत ज्यांच्याकडे शंभर-शंभर नळ्या मूळच्या खोक्यांत पडून आहेत आणि घड्याळ एकही नाही. भाव चढतोय म्हणून. २०१६ मध्ये मला सहा नळ्यांना जे पडले, त्यात आज जेमतेम दोन येतात. मला ते साठवणं बघवत नाही. बंद खोक्यात पडलेली नळी सुरक्षित असते, पण ती कुणाला काही दाखवत नाही. आणि ती दाखवण्यासाठीच कुणीतरी दहा आकडे इतक्या निगुतीने एकामागे एक रचले होते.

नव्या नळ्या अजिबात होत नाहीत असंही नाही. चेक प्रजासत्ताकातल्या दालिबोर फार्नी यांनी ही विसरलेली कारागिरी स्वतः प्रयोग करकरून पुन्हा बसवली. पूर्व जर्मनीच्या जुन्या झेड५६८एम या मोठ्या नळीच्या धर्तीवर ते हाताने नळ्या करतात. काच फुंकणं, आतली हवा काढणं, निऑन भरणं, सगळं. त्यांच्या एका नळीची किंमत माझ्या अख्ख्या घड्याळाच्या खर्चाहून जास्त आहे आणि तरी ती मला योग्य वाटते. हे काम जगातून गेलं नाही, याचा आनंद त्या किमतीपेक्षा मोठा आहे.

परवा आमच्या घड्याळातली सेकंदांची एककाची नळी गेली. तिने सगळ्यात जास्त काम केलं होतं. सेकंदाला एक आकडा, आठ वर्षं. काच खालून पार करडी झाली होती. काल दुपारी मी पत्र्याचा डबा काढला, एक नळी उलगडली, तारा जिन्यासारख्या कापल्या. सासूबाई आता ८९ वर्षांच्या आहेत, चिमटा हातात देणं हे काम त्यांचं. वीस मिनिटांत नळी बसली. एकेक आकडा पेटवून पाहिला. शून्य ते सहा स्वच्छ. आठ, नऊ स्वच्छ. चाळीस वर्षं कापसात आणि खोक्यात पडून राहिल्यामुळे असेल, सात मात्र फक्त वरच्या रेघेपुरता पेटला.

खार्किवच्या त्या माणसाला मी रात्री फोटो पाठवला आणि लिहिलं की तुमची सातवी नळी आज घड्याळात बसली. सात अजून उतरायचाय. आज सकाळपासून त्याला चार मिलिअँपिअरवर लावलंय. आत्ता संध्याकाळचे पावणेसात होतायत, उजेड निम्म्यापर्यंत आलाय, आणि सासूबाईंनी खुर्ची पुढे ओढून घेतली आहे.